जुन्या डिझेल गाडीचा रास्त भाव

बीड जिल्ह्यात जुनी स्कॉर्पिओ किंवा बोलेरो विकायला निघाली की बोलणी दोन आकड्यांवर सुरू होतात आणि बहुतेक वेळा तिथेच संपतात: मॉडेल कोणत्या सालचं आणि रनिंग किती. हे दोन्ही आकडे गाडीच्या मागच्या आयुष्याचे आहेत. घेणारा मात्र पैसे मोजतो ते पुढच्या आयुष्यासाठी. गाडी आणखी किती वर्षं आणि किती किलोमीटर बिनघोर चालेल, त्यासाठी तिच्यावर किती खर्च करावा लागेल आणि तिचे कागद किती काळ स्वच्छ राहतील, यावर तिची किंमत ठरायला हवी. साल आणि रनिंग ही त्या उत्तराकडे नेणारी फक्त दोन चिन्हं आहेत, आणि तीही कमी भरवशाची. रास्त भावाचा प्रश्न या बाजूने पाहिला तर बाजारात चालणाऱ्या अनेक समजुती टिकत नाहीत. ज्या टिकतात त्यांचं खरं कारण कळतं.

या जिल्ह्यात हा प्रश्न शौकाचा नाही. अकरा तालुक्यांचा, बालाघाटाच्या डोंगररांगांनी उभाआडवा कापलेला हा मुलूख पिढ्यान्‌पिढ्या रस्त्यावरच अवलंबून राहिला. परळीला रेल्वे पूर्वीपासून होती, पण जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे बीड शहरात, अहिल्यानगरहून पहिली प्रवासी गाडी आली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी. दवाखान्यासाठी छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे, शिक्षणासाठी लातूर, ऊसतोडीच्या हंगामात पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातले कारखाने, अशी इथली ये-जा लांबची असते. टोळ्यांचे मुकादम, ठेकेदार, व्यापारी, पुढारी आणि मोठी शेतकरी कुटुंबं या सगळ्यांना सात-आठ माणसं घेऊन खराब रस्त्यावरून जाणारी आणि कुठल्याही तालुक्याच्या गॅरेजमध्ये दुरुस्त होणारी गाडी लागते. सन 2000 मध्ये आलेली बोलेरो आणि 2002 मध्ये आलेली स्कॉर्पिओ या गरजेत नेमक्या बसल्या. दोन्हींचा सांगाडा शिडीसारख्या जाड लोखंडी चासीवर उभा, दोन्ही नाशिकच्या कारखान्यात तयार होणाऱ्या, दोन्हींचे सुटे भाग माजलगाव, केज, गेवराईतही मिळणारे. त्यामुळे नऊ-दहा वर्षांच्या गाडीलाही इथे गिऱ्हाईक लगेच मिळतं. या तत्पर गिऱ्हाइकीमुळेच भाव फुगतो.

पहिला आक्षेप इथेच येईल. बाजारात जो भाव मिळतो तोच रास्त भाव, वेगळा हिशेब कशाला? हा आक्षेप वजनदार आहे. धान्याच्या किंवा सोन्याच्या बाबतीत तो मान्यही करावा लागेल, कारण तिथे माल एकसारखा असतो आणि रोजचे सौदे सगळ्यांना कळतात. जुन्या गाडीत यातलं काहीच नसतं. कानावर येतात ते मागितलेले भाव. सौदा किती कमी रकमेत झाला ते घेणारा आणि देणारा या दोघांनाच ठाऊक असतं. दुसरी अडचण खोल आहे. जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली याच बाजारावर एक निबंध लिहिला. त्या कामासाठी 2001 मध्ये इतर दोघांबरोबर त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचा मुद्दा सरळ आहे. विकणाऱ्याला गाडीचा दोष माहीत असतो, घेणाऱ्याला नसतो. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना सरासरी भाव देऊ करतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला नाखूश होतो, आणि बाजारात दोषी गाड्यांचं प्रमाण वाढत जातं. म्हणजे जिथे माहिती लपलेली आहे तिथे बाजारभाव स्वतःच बिघडलेला असतो.

या अडचणीवर बीडने आपला उपाय शोधला आहे, तो म्हणजे ओळखीतली गाडी. पाव्हण्याची, भावकीतली, गावच्या डॉक्टरांची, मित्राच्या साडूची. ओळखीमुळे फसवणुकीची शक्यता कमी होते, हे खरं. पण तिची किंमत दुसऱ्या मार्गाने वसूल होते. ओळखीच्या माणसाची गाडी भिडेपोटी नीट तपासली जात नाही, रॅम्पवर चढवली जात नाही, भाव पाडून मागितला जात नाही आणि कागदांचं काम ‘होईल की सावकाश’ म्हणून राहून जातं. आणि ओळखीचा मालक प्रामाणिक असला तरी त्याला स्वतःला टर्बोची अवस्था माहीत असेलच असं नाही. म्हणून ओळख ही तपासणीच्या जागी वापरू नये. ओळखीचा खरा उपयोग असा की तपासणी मोकळेपणी करू द्या म्हणता येतं.

आता हिशेबाकडे. जुन्या गाडीचा भाव मोजायला सुरुवात करायची ती तशाच नव्या गाडीच्या आजच्या किमतीपासून. मालकाने तेव्हा किती मोजले, हा त्याच्या आठवणीचा भाग झाला. घेणाऱ्याच्या दृष्टीने त्या रकमेला अर्थ नाही. ही गोष्ट सप्टेंबर 2025 नंतर फार महत्त्वाची झाली, कारण 22 सप्टेंबरपासून मोटारींवरचा जीएसटी बदलला. चार मीटरच्या आतल्या आणि 1500 सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर आधी उपकरासह 31 टक्के कर होता, तो 18 वर आला. बोलेरो या गटात बसते. मोठ्या एसयूव्हींवर उपकरासह 50 टक्के होता, तो 40 झाला. स्कॉर्पिओ या गटातली. करातला हा फरक पूर्ण ग्राहकापर्यंत पोचला तर बोलेरोची शोरूम किंमत सुमारे दहा टक्क्यांनी आणि स्कॉर्पिओची साडेसहा-सात टक्क्यांनी उतरते. महिंद्राने तेव्हा जाहीर केलेली कपात बोलेरोवर सव्वा लाखापर्यंत आणि स्कॉर्पिओ क्लासिकवर एक लाखापर्यंत होती. नवी गाडी लाखाने स्वस्त झाली तर जुनीही त्याच प्रमाणात उतरायला हवी. तरीही कित्येक मालक 2025 च्या उन्हाळ्यातला भाव धरून बसतात. शेजारच्याची तेवढ्याला गेली, हे त्यांचं कारण. शेजारच्याची गेली तेव्हा नवी महाग होती, हे त्यांना शांतपणे सांगायला हवं.

गोल आकडे घेऊन एक उदाहरण करून पाहू. समजा, नव्या स्कॉर्पिओची रस्त्यावर उतरेपर्यंतची किंमत, म्हणजे महाराष्ट्राचा एकरकमी कर आणि विमा धरून, सोळा लाखांच्या घरात आहे. डिझेल गाडीवर राज्याचा कर दहा ते वीस लाखांच्या टप्प्यात 14 टक्के आहे, म्हणून ही रक्कम एवढी चढते. नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर फेरनोंदणी होते, पण ती पाच-पाच वर्षांची, तपासणीनंतर, आणि जास्त शुल्क व पर्यावरण कर भरून. म्हणून पंधरा वर्षं हे मुख्य आयुष्य धरू आणि शेवटी गाडीचे दीड लाख येतील असं मानू. उरलेले साडेचौदा लाख पंधरा वर्षांत वाटले तर वर्षाला सत्त्याण्णव हजारांच्या आसपास पडतात. नऊ वर्षांच्या गाडीची सहा वर्षं उरली, त्यांचे पाच लाख ऐंशी हजार आणि शेवटचे दीड लाख मिळून सात लाख तीस हजार. हा आकडा म्हणजे छत आहे, याच्या वर जायचं कारण नाही. या छतातून लगेच येऊ घातलेला खर्च वजा करायचा: पाच टायर, क्लच, पुढच्या चाकांचे बुश आणि जॉइंट, बॅटरी. गाडी बघून गॅरेजवाला जो अंदाज देईल तो घ्यावा. या वर्गाच्या गाडीत हे सगळं एकदम आलं तर ऐंशी-नव्वद हजार सहज लागतात. त्यात नावावर करण्याचा आणि नव्या विम्याचा खर्च मिळवला की आकडा सहा लाखांच्या थोडा वर येऊन थांबतो. मालक साडेआठ मागत असेल तर वरचे सव्वादोन-अडीच लाख कशाचे, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार घेणाऱ्याला या हिशेबाने मिळतो.

या सरळ वाटणीवर कोणी म्हणेल की गाडीची किंमत दरवर्षी सारखी घटत नाही, सुरुवातीला झपाट्याने पडते. ते बरोबर आहे, आणि त्यासाठी विमा क्षेत्राने वर्षानुवर्षं वापरलेलं घसाऱ्याचं कोष्टक आहे. सहा महिन्यांच्या आत 5 टक्के, एक वर्षापर्यंत 15, दोनपर्यंत 20, तीनपर्यंत 30, चारपर्यंत 40 आणि पाच वर्षांपर्यंत 50 टक्के. ही टक्केवारी शोरूम किमतीवर लागते. पाच वर्षांनंतर गाडीचं मूल्य कंपनी आणि मालक संमतीने ठरवतात. म्हणजे मालकाच्या चालू विमा पॉलिसीवर गाडीचा एक छापील आकडा असतोच. तो मागून पाहावा. हप्ता वाचवण्यासाठी काही जण तो मुद्दाम कमी लावून घेतात, म्हणून तो अंतिम धरता येत नाही. पण तो तळ समजायला हरकत नाही. सरळ वाटणीचं छत आणि विम्याचा तळ या दोन आकड्यांच्या मधली जागा म्हणजेच वाटाघाटीची जागा. चांगली राखलेली गाडी छताकडे सरकते, दुर्लक्षित गाडी तळाकडे. राखली की दुर्लक्षली, हे ठरवण्यातच खरं कौशल्य आहे.

मीटरवर भरवसा ठेवण्यात दोन धोके आहेत. मीटर मागे फिरवता येतो, हा धोका सर्वांना माहीत आहे. त्यावर अधिकृत सर्व्हिस सेंटरमधली नोंद हा सर्वांत चांगला उतारा, कारण तिथे प्रत्येक सर्व्हिसची तारीख आणि रनिंग चासी नंबरावर साठलेली असते. नोंद मधेच तुटली असेल तर टायर पाहावेत. टायरच्या कडेवर शेवटचे चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. 2016 ची गाडी, मीटर चाळीस हजार आणि टायर मात्र दुसऱ्यांदा बदललेले दिसले, तर मीटर काय सांगतो याला अर्थ उरत नाही. दुसरा धोका मात्र फारसा कोणी लक्षात घेत नाही: खरा मीटरही खोटं चित्र देऊ शकतो. सोलापूर-धुळे महामार्गावर पाचव्या-सहाव्या गिअरमध्ये झालेले दीड लाख किलोमीटर डिझेल इंजिनाला मानवतात. इंजिन गरम राहतं, ऑइल वेळेवर बदललं तर झीज कमी होते, क्लच क्वचित दाबला जातो. याउलट शेतातल्या वस्तीपासून गावापर्यंत रोज चार-पाच किलोमीटर, थंड इंजिनावर, धुळीच्या गाडवाटेने आणि मागे आठ-दहा माणसं भरून झालेले सत्तर हजार किलोमीटर गाडीला जास्त थकवतात. एअर फिल्टर धुळीने चोंदतो, बुश आणि शॉकअप झडतात, धारूरसारख्या घाटात क्लच आणि ब्रेक झिजतात. म्हणून ‘कमी चाललेली’ म्हणून लाखभर जास्त मोजण्याआधी कुठे चालली, हे विचारावं. पुण्याची गाडी म्हणून जो जादा भाव सांगतात त्यालाही हेच लागू: शहरातल्या गर्दीत रनिंग कमी होतं, पण क्लच आणि गिअरबॉक्सचं काम वाढतं.

इंजिनाची परीक्षा करायला महागडं यंत्र लागत नाही. गाडी पाहायला जाताना आधीच सांगावं की सकाळपासून चालू करू नका, आणि पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून ती थंड आहे याची खात्री करावी. डिझेल इंजिन थंडीत पहिल्या सेल्फला कसं घेतं, यात त्याचं निम्मं आरोग्य कळतं. चालू झाल्यावर निघून जाणारा पांढुरका धूर काळजीचा नाही. गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर पाणी इंजिनात जात असेल. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंग किंवा टर्बो थकला. जोर देताना येणारा दाट काळा धूर इंजेक्टरकडे किंवा चोंदलेल्या फिल्टरकडे बोट दाखवतो. ऑइलचं झाकण उघडून चालू इंजिनावर तिथून जोराने वाफ आणि थेंब उडत असतील, तर इंजिन खोलावं लागण्याचा दिवस दूर नाही, आणि तो खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. त्यानंतर गाडी रॅम्पवर चढवून चासीच पाहावी. मोनोकॉक, म्हणजे वेगळी चासी नसलेल्या कारमध्ये ठोकर पत्र्यावर दिसते, चासीच्या गाडीत मात्र पत्रा नवा करून रंग मारता येतो आणि लांब लोखंडी तुळईतला वाक तसाच राहतो. चासीवर वेल्डिंगचा जोड, नंबराजवळ घासल्याची खूण, किंवा सरळ रस्त्यावर स्टीअरिंग सोडताच एका बाजूला ओढणं, यांपैकी एक जरी दिसलं तरी भाव कमी करण्यापेक्षा सौदा सोडलेला बरा. पुढे लावलेल्या जाड लोखंडी गार्डबद्दलही एक गोष्ट ध्यानात असावी. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये असे गार्ड बेकायदा म्हणून कारवाई करायला राज्यांना सांगितलं आहे, आणि एअरबॅग असलेल्या गाडीत ते धडकेचा संकेत बिघडवू शकतात. गार्डमुळे भाव वाढतो, हे म्हणणं मान्य करू नये.

साल महत्त्वाचं आहे, पण ते गाडीच्या वयापेक्षा कायद्याच्या टप्प्यांमुळे. जुलै 2019 पासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, एबीएस त्याच वर्षी आलं, आणि 2021 च्या अखेरीपासून शेजारच्या सीटचीही एअरबॅग सक्तीची झाली. त्याआधीच्या खालच्या प्रकारांत यांतलं काहीही नसू शकतं. ग्लोबल एनकॅप या सुरक्षा चाचणी करणाऱ्या संस्थेने 2016 मध्ये एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओ आदळून पाहिली तेव्हा तिला शून्य तारे मिळाले. 2022 मध्ये पूर्णपणे वेगळ्या रचनेच्या स्कॉर्पिओ-एनला पाच मिळाले. जिथे एका गाडीतून अख्खं कुटुंब रात्रीचा घाट उतरतं तिथे या फरकाला पैशात किंमत द्यायलाच हवी. माझ्या मते 2018 च्या खालच्या प्रकारापेक्षा 2019 च्या उत्तरार्धातल्या गाडीला चाळीस-पन्नास हजार जास्त मोजणं सनरूफ किंवा अलॉय व्हीलसाठी मोजण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचं आहे. एका सालातही प्रकार पाहायला हवा. नोव्हेंबर 2017 च्या फेरबदलानंतर एकाच स्कॉर्पिओ नावाखाली 75, 120 आणि 140 अश्वशक्तीची इंजिनं विकली गेली. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन गाड्यांच्या मूळ किमतीत लाखांचं अंतर होतं, ते जुन्या भावातही राहिलं पाहिजे.

1 एप्रिल 2020 चा बीएस-सहा या प्रदूषण मानकाचा टप्पा सगळ्यांत जास्त वादाचा. त्यानंतरच्या डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, काही गाड्यांत युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकीही असते. तो फिल्टर साफ व्हायला गाडी अधूनमधून सलग वेगाने पळावी लागते. गावातल्या छोट्या फेऱ्यांत तो चोंदतो आणि बदलायला महाग पडतो. म्हणून बीडमधले मिस्त्री बीएस-चारची गाडी घ्या म्हणतात, आणि इथल्या वापरात त्यांचं म्हणणं मला पटतं. पण त्याला एक मर्यादा आहे. दिल्ली परिसरात दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने 2015 मध्ये बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ती उचलून धरली. 2025 मध्ये न्यायालयाने कारवाईला काही अंशी आवर घातला, तरी जुन्या डिझेलवर नियम कडक होण्याची दिशा बदलली नाही. महाराष्ट्रात अशी सरसकट बंदी नाही, पण शेवटच्या पाच वर्षांचं मूल्य पूर्ण न धरणं हेच शहाणपण. त्या बंदीमुळे दिल्ली पासिंगच्या गाड्या अर्ध्या भावात इकडे येतात, त्यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. तिकडच्या आरटीओचं ना-हरकत पत्र, महाराष्ट्राचा कर पुन्हा भरणं, नवा नंबर, यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात. इथल्या गाडीच्या किमतीत भरलेल्या कराचा उरलेला भाग असतो, तिकडच्या गाडीत तो नसतो. ना-हरकत पत्र हातात नसेल तर ती गाडी कितीही स्वस्त असली तरी सुट्या भागांचा ढीगच आहे.

कागद हा तर भावाचाच एक भाग आहे. एमएच-23 असो की अंबाजोगाईचा एमएच-44, आधी वाहन पोर्टलवर नंबर टाकून पाहावा: मालक कितवा, बोजा आहे का, गाडी काळ्या यादीत आहे का. बोजा असेल तर फायनान्सचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. बाकी ई-चलन गाडीबरोबर येतं. एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का पाहावं, कारण तिच्याविना आरटीओतली कामं अडतात. नो क्लेम बोनस मात्र मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. तो घेणाऱ्याला मिळत नाही, म्हणून ‘विमा भरलेला आहे’ या शब्दांसाठी फार वाढवून देऊ नये. आणि जिल्ह्यात सर्रास चालणारी प्रथा, म्हणजे टीटी फॉर्मवर (नावबदलाच्या अर्जावर) सह्या, बाँडवर करारनामा आणि गाडी मूळ मालकाच्याच नावावर, ही दोघांच्याही मुळावर येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं की गाडी हातोहात कितीही विकली गेली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच कायद्याने मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर येते. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव लावून घ्यायचं, असा मोटार वाहन कायदाच आहे. म्हणून नाव लागेपर्यंत किमतीतली काही रक्कम राखून ठेवण्याची अट विकणाऱ्याने अपमान समजू नये, त्यात त्याचंही संरक्षण आहे. मधे गाडीबाजारवाला असेल तर 1 एप्रिल 2023 पासून त्याला आरटीओचं अधिकृतपत्र लागतं. ते दाखवणाऱ्याला पाच-दहा हजार जास्त द्यावेत.

पुराचा एक वेगळा इशारा द्यायला हवा. 2019 मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि सप्टेंबर 2025 मध्ये खुद्द बीडच्या सिंदफणाकाठी पाणी शिरलं. अशा पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून काही महिन्यांनी लांबच्या जिल्ह्यात विकायला येऊ शकते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या तळाशी चिखलाची रेघ आहे का पाहावी, सीटखालच्या नटांना गंज आणि गालिच्याखाली कुबट वास आहे का पाहावं. वायरिंगमध्ये पाणी गेलेल्या कॉमन रेल डिझेलला रास्त भाव नसतोच.

आता हप्त्याचा विषय, कारण जुनी गाडी बहुतेक जण कर्जावर घेतात. सहा लाख चार वर्षांसाठी ‘नऊ टक्के फ्लॅट’ दराने मिळाले, तर व्याज दोन लाख सोळा हजार आणि हप्ता सतरा हजार. घटत्या शिलकीवर हाच दर सोळा टक्के होतो. नव्या गाडीच्या कर्जापेक्षा तो बराच चढा आहे. म्हणजे सहा लाखांची जुनी गाडी शेवटी आठ लाख सोळा हजारांना पडते, आणि नव्या बोलेरोशी तुलना करताना हा आकडा मांडावा लागतो. डिझेलची बचतही तपासून घ्यावी. 2012 च्या मे महिन्यात पेट्रोल आणि डिझेलच्या दरात तीस रुपयांहून जास्त अंतर होतं. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे दर मोकळे झाले, आणि अलीकडे महाराष्ट्रात हे अंतर बारा-चौदा रुपयांच्या आसपास राहिलं आहे. डिझेल 91 रुपये आणि लिटरला 13 किलोमीटर, तर किलोमीटरला सात रुपये. तेवढ्याच मोठ्या पेट्रोल गाडीत 105 रुपये आणि 10 किलोमीटर धरले तर साडेदहा. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे बावन्न हजार वाचतात, सहा हजार फिरणाऱ्याचे एकवीस हजार. दुसऱ्या माणसाच्या बाबतीत इंजेक्टरचा एक मोठा खर्च दोन-तीन वर्षांची बचत गिळू शकतो.

उरला तो सगळ्यांत जोरकस आक्षेप. स्कॉर्पिओ घेताना दोन लाख जास्त गेले तरी विकताना ते परत येतात, मग हिशेब कशाला? आणि चार माणसांत गाडीची शान असते, लग्न जमवताना, निवडणुकीत, बाजार समितीच्या आवारात तिचा उपयोग होतो, त्याला किंमत नाही का? शानेला किंमत आहे. ज्याच्या धंद्याला किंवा राजकारणाला ती उपयोगी पडते त्याने ती जरूर मोजावी. फक्त ती गाडीच्या किमतीपासून वेगळी काढून मोजावी, म्हणजे आपण कशासाठी किती देतो हे कळतं. विकताना पैसे परत येण्याची गोष्ट मात्र अर्धीच खरी आहे. कमी वयाची गाडी घेऊन तीन वर्षांत विकणाऱ्याला फुगीर भाव पुढच्याच्या माथी मारता येतो, कारण तेव्हाही गाडीची सात-आठ वर्षं उरलेली असतात. नऊ वर्षांची गाडी घेऊन पाच वर्षं वापरणारा माणूस विकायला निघतो तेव्हा ती चौदा वर्षांची असते. फेरनोंदणी समोर, तपासणीची धास्ती, पर्यावरण कर वेगळा, आणि गिऱ्हाईक नव्या नियमांच्या भीतीने हात आखडता घेणारा. त्या वळणावर जुन्या मॉडेलची पुण्याई फारशी कामाला येत नाही. बीडमध्ये सहा-सात लाखांची गाडी घेणारे बहुतेक जण नेमके या दुसऱ्या गटातले असतात, म्हणून छताच्या वर मोजलेला प्रत्येक रुपया त्यांच्या बाबतीत परत न येणाराच धरावा. वर्षाला दहा हजार किलोमीटरांच्या आत फिरणाऱ्या कुटुंबाने तर छताच्या खाली आणखी पन्नास-साठ हजार थांबावं. दसऱ्या-दिवाळीला, म्हणजे उचल, कापूस आणि सोयाबीनचे पैसे हातात खेळतात तेव्हा, घाई करू नये. उन्हाळ्यात, कारखाने बंद होऊन गाड्या दारात उभ्या राहिल्यावर, तीच गाडी पुन्हा पाहायला जावं.